खंडणीचा खटला आणि फिर्यादीचं नाव

ऑनलाइन खंडणीचं आरोपपत्र हाती आलं की मी कलमांकडे नंतर वळते. आधी दोन तारखा पाहते: पहिली धमकी कधी आली आणि फिर्याद कधी दिली. या दोहोंच्या मधे जितके दिवस गेलेले असतात, तितका पुरावाही गेलेला असतो. त्या दिवसांत फिर्यादीनं घाबरून चॅट पुसलेली असते, घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ॲप काढून टाकलेलं असतं, दोन-तीनदा पैसे पाठवलेले असतात आणि समोरच्याचं खातं बंद होऊन नव्या नावानं उघडलेलं असतं. सरकारी वकिलीत अशा खटल्यांशी संबंध येत गेला तसं माझं एक मत पक्कं होत गेलं. हे खटले कायद्यात कलम नाही म्हणून पडत नाहीत. खंडणीखोर जी गोष्ट जगजाहीर करण्याची धमकी देतो, तीच गोष्ट आपली प्रक्रिया फिर्यादीला पोलीस ठाण्यात, प्रयोगशाळेत आणि न्यायालयात स्वतःच्या हातानं उघडी करायला लावते. त्या बदल्यात नाव झाकण्याची साधी हमीही देत नाही. मग माणूस फिर्याद देत नाही, उशिरा देतो किंवा देऊन मागे फिरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात सायबर गुन्ह्यांची 65,893 प्रकरणं नोंदली गेली आणि त्यांतल्या 3,648 प्रकरणांत हेतू खंडणीचा होता. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा खंडणीचा नाही, तक्रार करण्याचं धाडस झालेल्यांचा आहे.

कायद्याबद्दल आधी बोलते, कारण ‘जुना कायदा, नवा गुन्हा’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते फारसं खरं नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत खंडणीची व्याख्या करणाऱ्या कलम 383 खालचा पहिलाच दृष्टांत असा होता, की ‘पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी करणारा मजकूर प्रसिद्ध करतो’ असं कोणी धमकावलं आणि पैसे घेतले, तर ती खंडणी. त्या काळी छापखाना होता, आज इन्स्टाग्राम आहे. गुन्ह्याचा गाभा तोच. ‘क्षती’ या शब्दात शरीर आणि मालमत्ता यांच्याबरोबर मन आणि लौकिक यांचीही हानी तेव्हापासूनच धरलेली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये हा दृष्टांत कायम राहिला आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून संदेश पाठवून, मुलाला मारण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचा नवा दृष्टांत आला. शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली. बनावट नावाच्या खात्यामागे लपून धमकावणाऱ्यासाठी कलम 351 च्या पोटकलम 4 मध्ये आणखी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66ई, 67 आणि 67ए ही कलमं आहेतच. तेव्हा कलमांचा दुष्काळ नाही.

तरी व्याख्येत एक अडचण आहे आणि ती प्रत्यक्ष कामात फार टोचते. खंडणी पूर्ण होण्यासाठी भीती दाखवणं पुरत नाही; त्या भीतीपोटी मालमत्ता प्रत्यक्ष दिली गेली पाहिजे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या आयझॅक इसांगा मुसुम्बा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये हे स्पष्ट सांगितलं. याचा परिणाम असा, की धमकी आल्याबरोबर एक पैसाही न देता थेट पोलीस ठाणं गाठणाऱ्या शहाण्या माणसाची तक्रार 308 च्या पोटकलम 3 मध्ये जाते. तिथं शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र. घाबरून पैसे देत गेलेल्याची तक्रार मात्र पोटकलम 2 मध्ये, सात वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. ‘पैसे देऊ नका, लगेच तक्रार करा’ असं आपण लोकांना सांगतो. तो सल्ला योग्यच आहे. पण तो पाळणाऱ्याचा आरोपी त्याच दिवशी जामिनावर बाहेर येतो, हे त्याला कोणी सांगत नाही. प्रयत्नाचं कलम जोडून वाद घालता येतो, मी घालतेही. पण संहिता नव्यानं लिहिली जात होती तेव्हाच ही दरी बुजवायला हवी होती. दुसरी अडचण मागणीच्या स्वरूपाची. पुष्कळदा पैशांऐवजी आणखी फोटो मागितले जातात. फोटो ही मालमत्ता का? जुन्या संहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ हा शब्द होता, नव्या संहितेत तो गळला, त्यामुळे युक्तिवादाला जागा झाली आहे. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत तपासी अंमलदार साहजिकच दुसरी कलमं शोधतो. ती बाईसाठी सापडतात: चोरून पाहणं किंवा चित्रण करणं, पाठलाग करणं, लैंगिक छळ. पुरुषासाठी कलम 77 उपयोगी पडत नाही, कारण ते फक्त स्त्रीच्या चित्रणाबद्दल आहे. त्याच्या वाट्याला 66ई उरतं, तीन वर्षांचं आणि जामीनपात्र. व्हिडिओ कॉलच्या सापळ्यात मोठ्या संख्येनं पुरुष अडकतात, हे सायबर पोलीस ठाण्यातला कोणताही हवालदार सांगेल.

आता पुरावा. या गुन्ह्यात घटनास्थळ म्हणजे फिर्यादीचा फोन. स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट काढून फिर्यादीला जोडले की काम झालं असं लोकांना वाटतं, आणि दुर्दैवानं काही ठाण्यांतही तसंच वाटतं. स्क्रीनशॉटवर दिसतो तो डीपी आणि नाव. दोन्ही एका मिनिटात बदलता येतात. खातं ओळखायला उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे त्याचा यूजरनेमसह पूर्ण दुवा आणि शक्य असेल तर त्या खात्याचा अंतर्गत क्रमांक. तो टिपून ठेवायला हवा, हे फिर्यादीला ठाऊक नसतं. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात यायची तर प्रमाणपत्र हवं. हा नियम ज्या निकालानं पक्का झाला तो आपल्या जालन्याचा आहे: 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, या वादातल्या चित्रफितींवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला न्यायालयानं सांगितलं, की प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मूळ उपकरणच मालकानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण हाताळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलतो, म्हणून ही सुधारणा मला मनापासून पटते. पण ‘मूळ उपकरण’ म्हणजे फोनच, असा सोपा अर्थ घेऊन ठाण्यात फिर्यादीचाच फोन मुद्देमाल म्हणून जप्त होतो. तो सील होतो, प्रयोगशाळेच्या रांगेत उभा राहतो, आणि त्यात फिर्यादीचं बँकेचं ॲप, मुलांचे फोटो, कामाचे संदेश सगळं असतं. आरोपीचा पत्ता नाही आणि फोन फिर्यादीचा गेला, ही बातमी शेजारीपाजारी पसरली की पुढचा माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. खरं तर पंचांसमोर फोनची प्रतिमा काढून, हॅश पंचनाम्यात नोंदवून, फोन सुपूर्दनाम्यावर परत देणं कायद्याला मान्य आहे. जप्त वस्तू ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ अडकवून ठेवू नयेत, असं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच बजावलं आहे. यासाठी नवा कायदा नको. ठाण्यात एक यंत्र, ते चालवणारा एक प्रशिक्षित माणूस आणि वरिष्ठांचा एक आदेश, एवढंच हवं.

खातं कोणाचं, हा यापुढचा प्रश्न. इथं लोक एन्क्रिप्शनकडे बोट दाखवतात: संदेश कुलूपबंद आहेत, कंपन्या ते उघडून देत नाहीत, म्हणून पोलीस हतबल आहेत. खंडणीपुरतं हे चुकीचं निदान आहे. धमकीचा मजकूर फिर्यादीच्या फोनवर उघडाच असतो. तो वाचायला कोणतंही कुलूप तोडावं लागत नाही. अडतं ते मजकुरामागच्या माणसापाशी. त्यासाठी लागतात लॉगिनच्या नोंदी, आयपी पत्ते, नोंदणीचा मोबाइल क्रमांक. त्या मिळतात, पण वेळेत मागितल्या तरच. कंपनीला जतनाची विनंती गेली की साधारण 90 दिवस नोंदी राखल्या जातात. विनंतीच गेली नाही तर काय शिल्लक राहील ते नशिबावर. आणि मिळालेली नोंद वाचतानाही घोटाळा होतो. समजा नोंदीत लिहिलं आहे, 3 तारीख, 19:52:10, यूटीसी. आपल्या घड्याळात ती वेळ 4 तारखेची मध्यरात्र उलटून 1 वाजून 22 मिनिटं 10 सेकंद होते. साडेपाच तास मिळवायचे राहिले आणि 3 तारखेच्या संध्याकाळचा आयपी मोबाइल कंपनीकडे विचारला, तर उत्तरात भलत्याच माणसाचं नाव येतं. त्यातून मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटलेला असू शकतो; पोर्ट क्रमांक सोबत नसेल तर नेमका ग्राहक सांगता येत नाही. बचाव पक्षाच्या हुशार वकिलाला उलटतपासात एवढी एक फट पुरते, आणि ती फट त्यानं शोधावी हेच योग्य आहे, कारण तिथून निरपराध माणूस आत जाऊ शकतो. मजकूरच हवा असेल आणि सर्व्हर अमेरिकेत असेल, तर मार्ग 2005 पासून अमलात असलेल्या परस्पर कायदेशीर साहाय्य कराराचा. तो लांबचा आणि मंत्रालयांच्या टेबलांवरून जाणारा. पण पुन्हा सांगते, खंडणीच्या बहुतेक खटल्यांत त्या मार्गावर जायची वेळच येऊ नये.

पैशाची वाट जास्त सरळ असते, निदान सुरुवातीला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येते. त्या खात्याचा मालक सापडतो, अटक होते, बातमी येते. पण तो मालक म्हणजे बहुधा दोन-पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेला मजूर किंवा विद्यार्थी. त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम असतो, कारण केवायसीवर त्याचाच अंगठा असतो. धमकी मात्र त्यानं दिलेली नसते. खातं वापरायला देणं आणि खंडणीच्या कटात सामील असणं यांत जाणिवेचं अंतर आहे, आणि ती जाणीव सिद्ध करायची तर धमकावणाऱ्या फोनपर्यंत जावंच लागतं. जिथं तपास नेटानं होतो तिथं ते घडतं. 2022 मध्ये पुण्यात अशा धमक्यांनंतर तरुणांनी जीव दिला, तेव्हा पोलीस राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या गावापर्यंत गेले होते. दोन माणसं मेल्यावर दाखवलेली ती चिकाटी, जिवंत फिर्यादीच्या पंधरा हजारांसाठीही दाखवली जावी अशी अपेक्षा ठेवणं जास्त आहे का? माझ्या मते नाही, कारण टोळी तीच असते, फक्त फिर्यादी वेगळा. इथं घड्याळ आरोपीच्या बाजूनं चालतं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात 60 दिवसांत आरोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल नसतानाच आरोपपत्र जातं आणि ‘अहवाल नंतर दाखल करू’ हे वाक्य त्यात कायमचं बसतं.

यानंतर खटला न्यायालयात येतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. आरोपपत्रातल्या कागदपत्रांच्या नकला आरोपीला मिळणं हा त्याचा हक्क आहे. मग ज्या व्हिडिओवरून धमकी दिली, त्याचीही नक्कल आरोपीच्या हाती द्यायची का? केरळमधल्या पी. गोपालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2019 मध्ये यावर संयमी उत्तर दिलं: मेमरी कार्डातला मजकूर दस्तऐवज आहे, आरोपीला तो पाहण्याचा आणि तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा हक्क आहे, पण पीडितेची अब्रू आणि सुरक्षितता पाहता प्रत देता येणार नाही. ते प्रकरण लैंगिक अत्याचाराचं होतं. खंडणीच्या खटल्यात हाच न्याय लावावा असा अर्ज सरकारी पक्षानं पहिल्या तारखेलाच द्यायला हवा. तो दिला नाही तर नकलांच्या गठ्ठ्यातून पेनड्राइव्ह आपोआप जातो, आणि खंडणीखोराचं पुसलेलं हत्यार सरकारी खर्चानं त्याला परत मिळतं. साक्षीचंही तसंच. उघड न्यायालयात, मागच्या बाकांवर इतर खटल्यांचे पक्षकार बसलेले असताना, फिर्यादीला विचारलं जातं: कॉल तुम्हीच उचलला ना? कॅमेरा तुम्हीच चालू केला ना? हे प्रश्न गुन्ह्याच्या घटकांशी संबंधित नाहीत. फिर्यादी भोळा होता, मोहात पडला, नैतिकदृष्ट्या चुकला, यातलं काहीही खंडणीला बचाव ठरत नाही. कलम 308 फिर्यादीच्या चारित्र्याची अट घालत नाही. पण प्रश्न विचारून होईपर्यंत माणूस कोलमडलेला असतो. पुढच्या तारखेला तो येतो तेव्हा ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो, आणि आम्ही त्याला फितूर जाहीर करून मोकळे होतो.

बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांतल्या पीडितेचं नाव छापायला न्याय संहितेचं कलम 72 बंदी करतं. मुलांना पॉक्सोचं संरक्षण आहे. प्रौढ खंडणी-फिर्यादीला, त्यातून तो पुरुष असेल तर, असं एकही कलम लागू नाही. उलट 2016 च्या यूथ बार असोसिएशन निकालापासून प्राथमिक माहिती अहवाल 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवायचे असतात. आरोपीला आपल्याविरुद्ध काय आहे ते कळावं, हा त्यामागचा हेतू उत्तम आहे. पण अब्रूची भीती घालून पैसे उकळल्याची फिर्याद नाव-गावासह इंटरनेटवर गेली, तर धमकी कोणी खरी केली म्हणायची? त्याच निकालात संवेदनशील गुन्हे वगळण्याची मुभा आहे आणि तो निर्णय उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा आहे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद ही तिथली उदाहरणं आहेत, यादी बंद केलेली नाही. निकालपत्रांचीही तीच गत: पूर्वी ती अभिलेख कक्षात पडून असत, आता ई-कोर्ट्सवर नाव टाकलं की समोर येतात.

यावर पहिला आक्षेप खुल्या न्यायाचा. न्याय बंद दाराआड होऊ लागला तर त्यावर नजर कोण ठेवणार? आक्षेप वजनदार आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण नाव झाकणं आणि दार बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युक्तिवाद उघड होऊ द्या, पुरावा उघड तपासला जाऊ द्या, निकाल प्रसिद्ध होऊ द्या, फक्त फिर्यादीच्या जागी एक अक्षर राहू द्या. ज्या इंग्लंडकडून आपण खुल्या न्यायालयाचं तत्त्व घेतलं, तिथं अशा धमकीच्या खटल्यांत फिर्यादीचं नाव झाकण्याची प्रथा जुनी आहे. 1970 च्या दशकात न्यायाधीशांनी झाकलेली अशी दोन नावं एका साप्ताहिकानं छापली तेव्हा तो न्यायालयाचा अवमान ठरला. कारण उघड आहे: नाव फोडलं तर पुढचा फिर्यादी येणारच नाही. आपल्याकडेही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 366 न्यायाधीशाला प्रेक्षकांना बाहेर ठेवण्याचा अधिकार देतं. तो अधिकार क्वचित वापरला जातो, कारण तो वापरा असं न्यायालयाला कोणी सांगत नाही. सांगायचं काम आमचं आहे.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा: नाव झाकलं की सूड उगवणाऱ्यांचं फावेल. आरोपीला फिर्यादी कोण हे ठाऊकच असतं. त्याच्यापासून काही लपवलं जात नाही, उलटतपासाचा त्याचा हक्क अबाधित राहतो, आणि खोटी फिर्याद दिल्याचं सिद्ध झालं तर नाव उघडण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तिसरा सूर कडक शिक्षेचा: मकोका लावा, संघटित गुन्हेगारीचं कलम 111 लावा. टोळी सिद्ध होत असेल तर जरूर लावा. पण त्या कलमाला मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात, आणि फिर्यादीच येत नाहीत तिथं आधीची आरोपपत्रं येणार कुठून? शिक्षा सातची दहा वर्षं केल्यानं रात्री दोन वाजता फोन हातात धरून बसलेल्या माणसाला धीर येत नाही. सकाळी ठाण्यात गेलो तर नाव फुटणार नाही आणि फोन संध्याकाळी परत मिळेल, एवढी खात्री असेल तर तो जातो.

निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाबद्दल एक परिच्छेद असतो. बहुधा तो दोन ओळींचा: अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमालाची विल्हेवाट लावावी. चाकू किंवा चोरीच्या दुचाकीसाठी दोन ओळी पुरतात. व्हिडिओच्या बाबतीत प्रती किती झाल्या याचा हिशेब आधी मांडावा लागतो: तपासी अंमलदाराच्या संगणकावर एक, प्रयोगशाळेच्या हार्ड डिस्कवर एक, आरोपपत्रासोबतच्या पेनड्राइव्हमध्ये एक, आमच्या कार्यालयात एक, न्यायालयाच्या अभिलेखात एक, आणि आरोपीच्या जप्त फोनला जोडलेल्या क्लाउड खात्यात, जिथं कोणी डोकावलेलंच नसतं, कदाचित आणखी एक. यातली प्रत्येक प्रत आदेशात नावानिशी यावी, ती कोणी आणि कधी नष्ट केली याचा अहवाल न्यायालयात यावा, आणि तो मिळाल्याचं फिर्यादीला लेखी कळावं, अशी विनंती मी आता अंतिम युक्तिवादातच लेखी देते. बहुतेक न्यायाधीश ती मान्य करतात.